वारा म्हणेल तेव्हा : कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंगचा एक दिवस

पुण्या-मुंबईहून कामशेतला पॅराग्लायडिंगसाठी निघणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. पहाटे निघायचं, नऊ-दहाला उडायचं, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. बहुतेकांचा हा बेत पहिल्याच दिवशी कोलमडतो. डोंगर तयार असतो, पायलट तयार असतो, पैसे भरलेले असतात, फक्त वारा तयार नसतो. मग चार-चार तास माथ्यावर बसून राहावं लागतं, चिडचिड होते आणि 'आम्हाला उगाच ताटकळत ठेवलं' अशी तक्रार घेऊन लोक परततात.

खरं तर ताटकळत ठेवणारी संस्था आपलं काम नीट करत असते. पॅराग्लायडिंगच्या दिवसाचा मोठा भाग थांबण्यातच जातो. या लेखातल्या सगळ्या सूचना त्याच एका गोष्टीभोवती आहेत : वाऱ्याची वेळ ओळखायची, तिच्याप्रमाणे आपला दिवस आखायचा आणि 'आज नाही' म्हणणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवायचा.

डोंगर उचलतो कसा

पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा पाहिला असेल, तर पॅराग्लायडिंगचं निम्मं शास्त्र तुम्ही पाहिलेलं आहे. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळतो, पुढे जायला वाट नसते म्हणून वर चढतो आणि खाली पडणारं पाणीही सोबत वर फेकतो. कामशेतच्या टेकड्यांवर हेच सौम्य प्रमाणात घडतं. डोंगराच्या लांब धारेवर वारा समोरून आला की धारेच्या पुढ्यात वर जाणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. पॅराग्लायडर या पट्ट्यात डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फेऱ्या मारत तरंगत राहतो.

हा पट्टा नसेल तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. पॅराग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर खाली येतो. टेकडी २०० मीटर उंच धरली, तर माथ्यावरून निघून खालच्या शेतात पोचायला जेमतेम तीन मिनिटं लागतात. त्यामुळे कोणी फोनवर 'पंधरा मिनिटांचं उड्डाण नक्की' असं सांगत असेल, तर तो वाऱ्याच्या वतीने वचन देतो आहे. वारा चांगला असला तर पंधरा काय, तीस मिनिटंही मिळतील. नसला तर तीनच.

आता डोंगराची दुसरी बाजू. ओढ्यात दगड असेल तर पाणी त्याच्यावरून जातं आणि मागे गरगरत खळगा करतं, तशीच हवा डोंगराच्या मागे उलटीपालटी होते. आपल्याला आडोशाची बाजू सुरक्षित वाटते, ट्रेकला गेल्यावर आपण तिथेच तंबू लावतो. उडणाऱ्यासाठी मात्र हीच बाजू सर्वात धोक्याची. तिथल्या गोंधळलेल्या हवेत पॅराग्लायडरचं कापड अचानक मिटू शकतं. या खेळातले अनेक नियम एवढ्यासाठीच आहेत, की माणूस धारेच्या मागे जाऊ नये.

हंगाम आणि दिवसातली वेळ

मावळात उडण्याचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. जून ते सप्टेंबर पाऊस, ढगात बुडालेले डोंगर आणि जोरदार वारे, त्यामुळे उड्डाणं बंद.

हंगामाचे दोन भाग पडतात. हिवाळ्यात वारा मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणून त्या दिशेला तोंड असलेल्या टेकड्या निवडल्या जातात. फेब्रुवारीनंतर जमीन तापायला लागते, दुपारी समुद्राकडचा वारा घाट चढून आत येतो आणि पश्चिमेकडे पाहणारे उतार कामाला येतात. कामशेतच्या आसपास टॉवर हिल, शेलार अशी नावं तुम्हाला ऐकू येतील. उद्या कुठल्या टेकडीवर जायचं, हे मात्र आदल्या रात्रीही पक्कं सांगता येत नाही. आयत्या वेळी ठिकाण बदललं तर तो निष्काळजीपणा नसतो. बदललेल्या वाऱ्यामागे जाणं हेच बरोबर.

दिवसाचंही असंच. भल्या सकाळी हवा शांत असते. पंख, म्हणजे पॅराग्लायडरचं कापड, जमिनीवर हाताळायला शिकण्यासाठी आणि छोट्या उतारावरच्या सरावासाठी ही वेळ उत्तम. ऊन चढलं की तापलेल्या माळावरून, खडकांवरून गरम हवेचे झोत वर सुटतात. त्यांना थर्मल म्हणतात. अनुभवी पायलट त्यांच्यात गोल फिरत शेकडो मीटर वर जातात. नवशिक्याला मात्र हीच हवा धक्के देते. म्हणून भर दुपारी शिकाऊ मंडळी सावलीत बसलेली दिसतील. ऊन कललं की हवा पुन्हा निवळते, वारा एकसारखा होतो. पहिल्यांदा उडणाऱ्याने शक्य असेल तर संध्याकाळची वेळ मागावी.

एप्रिल-मे महिन्यांत एक सावधगिरी वाढते, ती वळवाची. दुपारनंतर लांब डोंगरांवर ढग उभे वाढू लागले, त्यांचे माथे पसरले, खालची बाजू काळी पडली, की आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी उड्डाण थांबवायचं. अशा ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढे जोराचा वारा होऊन पोचते. धुळीचा लोट दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्याला उतरायला वेळ मिळत नाही.

संस्था निवडताना

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींमधले साहसी उपक्रम त्यात येतात आणि ते चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा. त्यानंतर हे विचारा :

- माझ्यासोबत उडणारा पायलट टँडमसाठी, म्हणजे दुसऱ्याला घेऊन उडण्यासाठी, प्रशिक्षित आहे का? एकट्याने उत्तम उडणारा प्रत्येक जण प्रवाशाला घेऊन उडण्यास पात्र नसतो.
- टँडम हार्नेसला, म्हणजे पट्ट्यांच्या बैठकीला, राखीव पॅराशूट आहे का आणि त्याची घडी शेवटची कधी उघडून पुन्हा घातली?
- वारा नसल्यामुळे उड्डाण झालं नाही, तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते?
- व्हिडिओ, जेवण, माथ्यापर्यंतची गाडी यांचे पैसे वेगळे आहेत का?
- शेवटचा आणि सर्वात उपयोगाचा प्रश्न : या महिन्यात तुम्ही उड्डाणं रद्द केलीत का, आणि कशामुळे?

शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे कधी रद्द होत नाही' असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या. वारा महिनाभर रोज मनासारखा वाहत नाही. जो कधीच थांबत नाही, तो वाऱ्याकडे पाहत नाही. याउलट 'मंगळवारी दुपारी झुळका फार होत्या, सहा जणांना परत पाठवलं' असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडे जा.

आपलं वजन विचारलं जाईल, ते खरं सांगा. प्रत्येक पंख ठरावीक वजनाच्या मर्यादेसाठी तपासून प्रमाणित केलेला असतो. संकोचाने कमी केलेले आठ-दहा किलो हवेत लपत नाहीत. पाठीचं दुखणं, गुडघ्याची शस्त्रक्रिया, फिटस्, हृदयाचा त्रास, गरोदरपण हेही आधी सांगायला हवं. आपल्या विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही एकदा वाचून घ्या. बरेचदा ते वगळलेले असतात.

कपडे, खाणं, सामान

घोटा झाकणारे, तळ घट्ट पकडणारे बूट घाला. सँडल आणि चप्पल चालत नाहीत. उतरताना पाय ढेकळांवर, कापणीनंतरच्या टोकदार धसांवर पडणार असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि एक पातळ जॅकेट. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर घाम येत असला, तरी हवेत बोटं गारठतात. ओढणी, लोंबणारा स्कार्फ, लांब माळा घरीच राहू द्या. केस बांधा. चष्म्याला मागून दोरी हवी.

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरल्या पोटीही उडू नका. दोन तास आधी पोहे, उपमा किंवा भाकरी-पिठलं थोडं खाल्लं तर मळमळ कमी होते. पाणी जास्त न्या, कारण वाट पाहण्याचा वेळ उन्हात जातो. टोपी, एखादं पुस्तक, बसायला सतरंजी असं सामान असलेला माणूस तिसऱ्या तासालाही शांत असतो.

माथ्यावर : वारा वाचायला शिका

थांबण्याचा वेळ फुकट घालवू नका. वाऱ्याचा वेग मापकाशिवायही अंदाजाने सांगता येतो. चेहऱ्यावर वारा जाणवतो, पानं सळसळतात, तेव्हा तो ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. लहान फांद्या सतत हलतात आणि हलका झेंडा फडफडत उलगडतो, तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले, फांद्या हलू लागल्या, की २० ते २८. नवशिक्यासाठी यातली मधली पायरी योग्य. धूळ उडायला लागली की नवशिक्याने पंख गुंडाळून ठेवावा.

कारण समजून घ्या. पॅराग्लायडरचा हवेतला नेहमीचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटरच्या आसपास असतो. समोरचा वारा तेवढाच झाला, तर तुम्ही जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी थांबता. त्याहून वाढला, तर तोंड दरीकडे असूनही मागे, म्हणजे आडोशाच्या गोंधळात ढकलले जाता. शिवाय डोंगरमाथ्यावर हवा दाटून जाते, त्यामुळे पायथ्यापेक्षा तिथे वारा जोरात असतो. खाली शांत वाटतंय म्हणून वरही शांत असेल, असं धरून चालू नये.

वेगाइतकंच वाऱ्याचं वागणं महत्त्वाचं. टेकऑफजवळ लावलेल्या कापडी नळीकडे, विंडसॉककडे, दहा मिनिटं नुसतं पाहा. ती एकाच दिशेला, एकाच कोनात राहिली तर वारा एकसारखा आहे. ती मध्येच लोंबली, मध्येच ताठ झाली, तर झुळकांचा वारा आहे. १५चा एकसारखा वारा आणि १० ते २५ मध्ये नाचणारा वारा, यांची सरासरी जवळपास सारखी असेल, पण दुसऱ्या वाऱ्यात नवशिक्याचं काम नाही. घारींकडेही लक्ष ठेवा. पंख न हलवता घार धारेपुढे चढत असेल, तर तिथे हवा वर जाते आहे.

टँडम उड्डाण : तुमच्या वाट्याचं काम

टँडममध्ये प्रवासी पुढे आणि पायलट मागे असतो. पंख पायलट सांभाळतो. प्रवाशाकडे दोनच कामं असतात, पण ती चुकली तर घोटाळा होतो.

पहिलं काम धावण्याचं. पायलट 'पळा' म्हणाला की दरीच्या दिशेने पळायचं आणि पाय जमिनीवरून उचलले गेले तरी तो सांगेपर्यंत हवेत पळत राहायचं. बहुतेक जण दोन पावलांनंतर उडी मारतात किंवा आरामात मागे बसतात. दोन्हींमुळे पंखाला वेग मिळत नाही आणि दोघंही उतारावर आपटतात. उतार पाहून पाय थबकणं स्वाभाविक आहे, म्हणून नजर खाली न ठेवता समोरच्या डोंगरावर ठेवा.

दुसरं काम उतरण्याचं. पायलट सांगेल तेव्हा बैठकीतून पुढे सरकून पाय मोकळे करायचे आणि उभ्याने उतरायला तयार राहायचं. काही पायलट पाय वर उचलून बसल्या जागी उतरवतात. तो जे सांगेल ते, आणि वेळेवर.

निघण्याआधी पायलट पट्टे तपासतोच. तरी तुम्हीही त्याच्यासोबत मोठ्याने मोजा : दोन्ही मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, हेल्मेटचा पट्टा, खांद्याजवळच्या दोन्ही बाजूंचे कॅराबिनर, म्हणजे जोडकड्या, बंद. मांड्यांचे पट्टे सर्वात महत्त्वाचे. ते लावायचे राहिले तर माणूस बैठकीतून खाली घसरतो. फोटोसाठी म्हणून पट्टे घालून-काढून पाहिले असतील, तर मोजणी पहिल्यापासून करा.

हवेत पायलट शांत झाला तर त्याच्याशी गप्पा मारू नका, तो धारेवरची इतर ग्लायडर पाहत असतो. मळमळ वाटली तर लगेच सांगा. गोल फिरणं थांबवून सरळ उडता येतं.

शिकायचं ठरवलंत तर

कामशेतमध्ये पी-१, पी-२ अशा पायऱ्यांनी अभ्यासक्रम चालतात. एकेका पायरीला साधारण तीन-चार दिवस लागतात, पण वाऱ्याने साथ दिली तर. म्हणून सलग सुट्टी घेताना एक-दोन दिवस जादा ठेवा.

पहिले दिवस उडण्यापेक्षा पंखाशी झोंबण्यात जातात. सपाट जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करून पंख डोक्यावर उचलायचा, तिथे स्थिर ठेवायचा, पुन्हा खाली घ्यायचा. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. पण डोळे मिटूनही पंख कुठे झुकला हे हाताला कळू लागलं, की टेकऑफवर घाबरगुंडी उडत नाही. नवा पंख विकत घेताना मित्राचा वेगवान पंख पाहून भुलू नका. युरोपीय प्रमाणपत्रात ए, बी, सी, डी असे वर्ग असतात. नवशिक्याने ए वर्गातच राहावं. चुकीच्या वेळी ओढलेला ब्रेक, म्हणजे पंख वळवायची दोरी, या वर्गाचा पंख सहन करतो.

धारेवर एकाच वेळी अनेक जण उडत असतात, म्हणून वाटेचे नियम पाठ हवेत :

- समोरासमोर आलेल्या दोघांपैकी ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे, त्याला सरळ जाण्याचा हक्क. ज्याच्या डाव्या हाताला डोंगर आहे, त्याने उजवीकडे म्हणजे दरीकडे वळून वाट द्यायची.
- वळण नेहमी डोंगरापासून दूर. डोंगराकडे वळलं की वारा मागून येतो आणि तुम्ही दुप्पट वेगाने उताराकडे जाता.
- वळण्याआधी मान फिरवून पाहायचं, मग वजन टाकायचं, मग ब्रेक ओढायचा.
- थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या दिशेने फिरतो आहे, त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं.
- उतरताना खाली असलेल्याला आधी उतरू द्यायचं.

पुणे जवळ असल्याने लोहगावच्या विमानतळाची हवाई हद्द लक्षात ठेवावी लागते. तिथे हवाई दलाची आणि प्रवासी विमानं उतरतात. किती उंचीपर्यंत जायचं, हे प्रशिक्षक सांगेल त्यात एक मीटरचीही सूट घेऊ नका.

हँग ग्लायडर वेगळा कसा

परदेशातल्या डोंगरधारांवर पॅराग्लायडरसोबत त्रिकोणी हँग ग्लायडरही दिसतात. त्यात ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर ताणलेलं कापड असतं आणि पायलट पोटावर लटकून, समोरच्या दांडीला धरून शरीराच्या वजनाने दिशा बदलतो. सांगाडा असल्यामुळे तो हवेत मिटत नाही, जोराच्या वाऱ्यातही पुढे सरकतो आणि एक मीटर खाली येताना पॅराग्लायडरपेक्षा बराच लांब जातो.

किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. तो गाडीच्या टपावर न्यावा लागतो, माथ्यावर जोडावा लागतो, वजनाला वीस-तीस किलो भरतो आणि उतरायला लांब मोकळं मैदान मागतो. पॅराग्लायडरचं सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं. १९७८ साली फ्रान्समधल्या मिएसी गावात काही पॅराशूटपटूंनी डोंगरउतारावरून धावत पॅराशूट उडवून पाहिलं. तिथून हा खेळ फोफावला आणि सामान सुटसुटीत असल्याने जिथे डोंगरावर पायवाट आहे तिथे तो पोचला. मावळातल्या लहान खाचरांजवळ तोच सोयीचा. एखाद्या ठिकाणी दोन्ही प्रकार एकत्र उडत असतील, तर वेगातला फरक लक्षात ठेवा : मागून येणारा हँग ग्लायडर तुमच्या अंदाजापेक्षा लवकर जवळ येतो.

उतरायची जागा कोणाची तरी आहे

माथ्यावर चढण्याआधी उतरायची जागा पायी फिरून पाहा. विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं समजायचं. झाडं, विहिरी, दगडी बांध, बांधलेली गुरं कुठे आहेत ते ध्यानात ठेवायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाचरात भात उभा असतो किंवा कापून पसरलेला असतो. त्यात उतरलेला पंख ओढत नेला, तर काही मिनिटांत शेतकऱ्याच्या महिन्यांच्या मेहनतीची नासाडी होते. पंख जागीच गोळा करा, बांधावरून चाला, मालक भेटला तर नुकसान विचारा आणि भरून द्या. या टेकड्यांवर उडणं गावकऱ्यांच्या संमतीनेच चालू राहतं. भात काढल्यावर मोकळी झालेली खाचरं नवशिक्यांना उतरायला मिळतात, ती याच संबंधांमुळे.

कधी परत फिरायचं

माथ्यावर पोचल्यावर, पट्टे बांधल्यावर, अगदी पायलट पंख उचलायला सज्ज झाल्यावरही 'नको' म्हणता येतं. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर म्हणाच :

- वारा मागून किंवा बाजूने येतो आहे.
- अनुभवी पायलट स्वतः उडत नाहीत, पण गिऱ्हाइकांना पाठवत आहेत.
- रांग लांब आहे म्हणून पट्टे घाईत बांधले जात आहेत.
- हेल्मेट सैल आहे किंवा बूट उसने आणि मोठे आहेत.
- तुम्हाला मनापासून भीती वाटते आहे आणि कोणी चेष्टा करून ढकलतो आहे.

सोबत आलेल्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे माघार घेणाऱ्याला कोणी हसणार नाही. आणि बुकिंग करताना एक तारीख पक्की, दुसरी राखीव अशा दोन तारखा मागून घ्या. दुसरी तारीख हाताशी असली की पहिल्या दिवशी वारा बिघडल्यावर 'एवढ्या लांब आलोय तर उडूनच जाऊ' हा विचार मनात येत नाही, आणि दुपारच्या गाडीने घरी जाणं सोपं होतं.